हिवाळ्यातील पेला आणि मोहाचे फूल

जबलपूरच्या थंडीची कीर्ती महाराष्ट्रात फारशी पोचलेली नाही. नागपूरचा उन्हाळा सर्वांना निदान ऐकून ठाऊक असतो. परंतु तेथून उत्तरेकडे सातपुड्याच्या रांगा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात उतरले म्हणजे मार्गशीर्ष-पौषात जी थंडी गाठ घेते, तिची कल्पना मुंबईच्या माणसास सहसा नसते. जानेवारीच्या पहाटे येथे पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरतो, आणि एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. ग्वारीघाटावर नर्मदेच्या पात्रातून वाफ निघत असते, पलीकडचा तीर दिसत नाही, आणि घाटावरच्या माणसांना शेकोटी व एखादे ऊन पेय यांखेरीज दुसरे काही सुचत नाही.

हे ऊन पेय कोणते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण गेल्या दोनशे वर्षांत या एका शहरात आणि त्याच्या भोवतालच्या डोंगरांत हिवाळ्यासाठी आणि हिवाळ्यातील सणांसाठी जे पेले भरले गेले, ते एका ओळीत मांडून पाहिले म्हणजे त्यातून बराच इतिहास वाचता येतो. छावणीतील गोऱ्या अधिकाऱ्याचा पंच होता, शिपायाची रम होती, रेल्वेच्या वसाहतीत नाताळची घरगुती वाइन होती, मराठी घरात जायफळ घातलेले आटीव दूध होते, आणि मंडल्याच्या वाटेवरील गोंडाच्या झोपडीत मोहाची दारू होती. यांतील काही पेले सरकारी खर्चाने भरले गेले, आणि एक पेला असा की तो घरच्या घरी भरला म्हणून माणसाला दंड भरावा लागला, प्रसंगी तुरुंगात जावे लागले. असे का झाले, याचा मागोवा आज घ्यावयाचा आहे.

थंडीत मद्य घेण्याची चाल साहेबाबरोबर आली, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. तिला आधार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात हेमंत ऋतूची जी दिनचर्या सांगितली आहे तीत स्निग्ध आहार, ऊन पाणी, जाड पांघरुणे यांच्या जोडीने मदिरा, सीधू आणि मधू यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वाग्भटानेही अष्टांगहृदयाच्या ऋतुचर्येत हेमंतासाठी गुळापासून केलेले मद्य आणि सुरा सांगितली आहे. हे ऐकून ज्यांना आनंद झाला असेल त्यांनी चरकाच्याच चिकित्सास्थानातील मदात्ययाचा अध्यायही वाचावा. अतिपानाने शरीराचे आणि बुद्धीचे काय होते, याचे इतके बारकाईचे वर्णन दारूबंदीच्या प्रचारकांनाही साधलेले नाही. मनुस्मृती सुरेचे गौडी, पैष्टी आणि माध्वी असे तीन प्रकार सांगते आणि द्विजांना तिन्ही वर्ज्य ठरविते. यांतील माध्वी ही मधाची की मधूक म्हणजे मोहाच्या फुलांची, याविषयी टीकाकारांत मतभेद आहे. मोहाच्या झाडाशी आपली पहिली गाठ ही अशी, निषेधाच्या यादीत पडते.

आता साहेबाच्या पेल्याकडे वळू. इंग्रजांच्या हिवाळी मेजवानीत ज्याला मानाचे स्थान होते, त्या पेयाचे नाव पंच. एका मोठ्या वाडग्यात दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला असे पाच पदार्थ एकत्र करावयाचे, आणि थंडी असेल तर पाणी कढत घालावयाचे. नाव पडले ते या पाचांवरून. इंग्रजी कागदपत्रांत हा शब्द प्रथम दिसतो तो १६३२ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकराने हिंदुस्थानातूनच लिहिलेल्या एका पत्रात. १६३८ मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्स्लो याने इंग्रजांच्या वखारीत हे पेय पाहिले. त्यात गुलाबपाणी घालीत असत. फ्रेंच प्रवासी बर्निये याने बंगाल्यात तेच पाहिले आणि त्यात जायफळ असल्याची नोंद केली. शिवछत्रपतींच्या काळात मुंबईस आणि जुन्नरास येऊन गेलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने तर हा शब्द हिंदुस्थानी भाषेतील पाच या संख्येवरून आला असे स्वच्छ लिहून ठेवले आहे. काही इंग्रज पंडितांना ही व्युत्पत्ती रुचत नाही. दारूच्या पिंपाला असलेल्या एका जुन्या इंग्रजी नावावरून हा शब्द निघाला, असे ते म्हणतात. मला फ्रायरची साक्ष अधिक विश्वसनीय वाटते. पंचामृत, पंचगव्य, पंचखाद्य असे पाचपाच पदार्थ मोजून नावे ठेवणाऱ्या देशात त्या वाडग्याला दुसरे कोणते नाव मिळणार?

या पेयाचा मुंबईशी जडलेला संबंध मोठा मौजेचा आहे. १६९४ साली मुंबईच्या इंग्रज सरकारने खानावळवाल्यांसाठी एक हुकूम काढला. गिऱ्हाइकाने पंच मागितला तर त्याला चांगल्या गोवेकरी दारूचा एक क्वार्ट, म्हणजे लिटराहून थोडी अधिक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पिंट लिंबाचा रस मागून घेण्याचा हक्क राहील, आणि तो आपला पंच आपणच तयार करील, असा त्याचा आशय होता. गिऱ्हाइकाने स्वतः मिसळावे हा आग्रह कशासाठी, हे खानावळीत जेवलेल्या माणसाला सांगावयास नको. गोव्याची ही दारू माडाच्या ताडीपासून काढीत, आणि तिचा लौकिक त्या काळी सर्व समुद्रकिनाऱ्यावर होता.

ताडीचेही असेच झाले. आपल्याकडे ती पहाटे झाडावरून उतरवून ताजी प्यावयाची. इंग्रजांच्या तोंडी तिची टॉडी झाली, आणि हा शब्द जहाजातून स्कॉटलंडला पोचला तेव्हा तो व्हिस्की, साखर आणि कढत पाणी यांच्या मिश्रणाला चिकटला. ताडी येथे गार होती, ती तिकडे जाऊन ऊन झाली. आज युरोप-अमेरिकेत बर्फाच्या दिवसांत पाहुण्यापुढे जे पेले ठेवतात, त्यांतील दोघांची नावे अशी हिंदुस्थानी आहेत. कॉकटेल हा शब्द त्या मानाने पोरवयाचा. त्याची पहिली छापील व्याख्या १८०६ सालच्या एका अमेरिकन वृत्तपत्रात सापडते. रोमन लोक द्राक्षमद्य मध आणि मसाले घालून ऊन करीत तेव्हा त्यात मलबारची मिरी पडत असे. मध्ययुगीन युरोपच्या मसालेदार वाइनमधील दालचिनी आणि सुंठही याच वाटेने गेली होती. थंडीच्या पेल्यातील ऊब बऱ्याच अंशी पूर्वेची आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हा पंच जबलपुरास येतो तो १८१७ च्या डिसेंबरात. त्यापूर्वी छत्तीस वर्षे येथे मराठ्यांचा अंमल होता. १७८१ मध्ये सागरच्या मराठी सुभेदारांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपुष्टात आणले. १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांना दिला. पेशवाईचे मद्याविषयीचे धोरण न्यायमूर्ती रानडे यांनी पेशव्यांच्या रोजनिशीवरील आपल्या निबंधात सांगितले आहे. सामान्यतः मनाई असे. मात्र तोफखान्यात नोकरीस असलेल्या ख्रिस्ती गोलंदाजांना आपल्यापुरती दारू गाळण्याची सवलत होती. ज्याच्या रीतीत दारू आहे त्याला ती आपल्यापुरती करू द्यावी, हे तत्त्व त्या सवलतीत होते. पुढे येणारा भाग समजण्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१९ डिसेंबर १८१७ रोजी जनरल हार्डीमन याच्या फौजेने भोसल्यांच्या सैन्याचा येथे पराभव केला आणि ऐन थंडीत जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. छावणी वसली. पंचाचे लिंबू येथे होते, पाणी नर्मदेचे होते, मसाला बाजारात होता. साखरेच्या बाबतीत मात्र एका माणसाने मोठी खटपट केली, आणि तो माणूस आपल्याला वेगळ्याच कारणासाठी परिचित आहे. ठगांचा नायनाट करणारा विल्यम स्लीमन हा तो होय. १८२७ च्या सुमारास त्याने मॉरिशसहून ताहिती जातीचा जाड ऊस आणून नर्मदेच्या प्रदेशात लावला. पुढे त्याने लग्न केले तेही मॉरिशसच्या एका फ्रेंच ऊसमळेवाल्याच्या कन्येशी, आणि ते लग्न १८२९ मध्ये जबलपुरातच झाले. १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याने बुंदेलखंडातील दगडी उखळांच्या चरकांवर एक प्रकरण खर्ची घातले आहे. ठगांच्या कथा वाचणारे वाचक ते प्रकरण बहुधा ओलांडून जातात.

अधिकाऱ्यांच्या मेजावर पंच होता, तसा साध्या गोऱ्या शिपायाला शिध्यातच दारू मिळत असे. कंपनीच्या फौजेला रम पुरविण्यासाठी १८०५ साली कानपुरास भट्टी निघाली होती. रोजचा प्याला हा शिपायाचा हक्क समजला जाई. या प्याल्याने अंगात ऊब येते ही समजूत त्या वेळी सार्वत्रिक होती, आणि अद्याप ती पुरती गेलेली नाही. वस्तुस्थिती अशी की मद्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडीला ऊब भासते, आणि त्याच वाटेने शरीराच्या आतील उष्णता बाहेर निघून जाते. ऊब वाटते तेव्हाच माणूस थंड होत असतो. खरे काम करते ते कढत पाणी. रुग्णसेवेसाठी विख्यात झालेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ साली हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याविषयी जो अभिप्राय दिला, त्यात बराकीतील दारूवर कठोर टीका केली आहे. शिपाई मरत होते ते शत्रूच्या गोळीपेक्षा रोगराईने आणि दारूने, हे त्यांनी आकडे मांडून दाखविले. रमचा लष्कराशी जडलेला संबंध मात्र तुटला नाही. जबलपूर आजही लष्कराचे गाव आहे; ग्रेनेडियर्सचे आणि जम्मू-काश्मीर रायफल्सचे प्रशिक्षण केंद्र येथेच आहे, आणि हिवाळ्यात लष्करी मेसमध्ये रम, आले, लिंबू आणि कढत पाणी यांचा पेला परका नाही.

१८७० च्या मार्चमध्ये मुंबईचा आणि कलकत्त्याचा लोहमार्ग जबलपुरास येऊन मिळाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ एडिंबरो हे समारंभास हजर होते. या दिवसापासून मुंबईच्या गोदीतील बाटली कलकत्त्याच्या वाटेवर जबलपूरच्या फलाटावर उतरू लागली. रेल्वेबरोबर, आणि पुढे १९०४ मध्ये निघालेल्या तोफगाड्यांच्या कारखान्याबरोबर, येथे अँग्लो-इंडियन कुटुंबांची मोठी वस्ती झाली. नाताळाला या भागात सर्रास बडा दिन म्हणत. त्याच्या कित्येक आठवडे आधी या घरांतून बरण्या भरल्या जात. मनुका, साखर, आले, लवंग, दालचिनी घालून घरची वाइन करावयाची आणि पाहुण्याला छोट्या पेल्यातून केकच्या तुकड्याबरोबर द्यावयाची, ही त्यांची रीत. स्वातंत्र्यानंतर यांतील पुष्कळ कुटुंबे ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडात गेली.

मराठी घरांचा पेला मात्र दुधाचा. थंडीची चाहूल लागते न लागते तोच कोजागरी येते, आणि केशर, वेलदोडे, बदाम व जायफळ घातलेले दूध चंद्र माथ्यावर येईपर्यंत आटत राहते. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवरून नर्मदेत उतरणारे शरदाचे चांदणे ज्याने पाहिले आहे, त्याला या दुधाची जागा हीच असे वाटल्यावाचून राहणार नाही. त्या रात्री आजही तेथे मोठा उत्सव भरतो. पुढे थंडी वाढली की सुंठ-गुळाचा काढा येतो, संक्रांतीला तिलवाराघाटाची जत्रा येते, आणि गावातील खव्याची जिलबी ऊन दुधाबरोबर खाण्याचे दिवस येतात. बर्नियेने बंगाल्यात पाहिलेल्या वाडग्यात जायफळ होते. कोजागरीच्या पातेल्यातही तेच आहे. एकाच फळाने दोन घरे कशी सांभाळली पाहा.

येथवरच्या पेल्यांना कोणी हरकत घेतली नाही. ज्याला हरकत घेतली गेली तो पेला जबलपूरच्या पूर्वेस आणि दक्षिणेस, मंडला-दिंडोरीच्या रानात भरला जातो.

मोहाचे झाड शेतातही तोडीत नाहीत. फाल्गुन-चैत्रात त्याची पाने गळतात आणि फांद्यांच्या शेंड्यांना फिकट पिवळसर, मांसल फुलांचे घोस येतात. फुले रात्री गळू लागतात आणि पहाटे झाडाखाली त्यांचा सडा पडलेला असतो. बायकामुले टोपल्या घेऊन अंधारातच निघतात, कारण उशीर केला तर हरणे आणि अस्वले आधी पोचतात. ही फुले वाळवून वर्षभर ठेवता येतात. वाळलेल्या फुलाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. धान्य संपले की गोंड-बैगांच्या घरी ती उकडून, भाजून, तिळाबरोबर कुटून खातात. दुष्काळात या फुलांनी असंख्य जीव वाचविले आहेत. बियांचे तेल निघते. दारू हा त्या झाडाचा एक उपयोग झाला. पण सरकारदरबारी ते झाड ओळखले गेले ते तेवढ्यावरूनच.

दारू करण्याची रीत साधी आहे. वाळलेली फुले मडक्यात पाणी घालून भिजत ठेवावयाची. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांत ती आंबतात, थंडीत अधिक दिवस लागतात, म्हणून मडके चुलीच्या उबेला ठेवतात. मग ते चुलीवर चढवून वाफ गार पाण्याच्या भांड्याखाली धरावयाची, आणि थेंब बांबूच्या नळीतून खाली उतरवून घ्यावयाचे. आपल्या भाषेत पहिल्या धारेची हा शब्दप्रयोग जो रूढ झाला आहे, तो याच भट्टीवरचा. हिवाळ्याच्या रात्री ही पहिली धार कोमटच प्यावयाची असते, परंतु ती थेट ओठाला लावीत नाहीत. आधी थोडी जमिनीवर सांडावयाची: देवाला, आणि वाडवडिलांना. मूल जन्मले, सोयरीक जुळली, लग्न लागले, माणूस गेला, पीक घरी आले, यांपैकी कोणताही विधी या चार थेंबांवाचून पुरा होत नाही. गोंडांत अशी एक कथा सांगतात की मोहाच्या ढोलीत साचलेले पाणी पिऊन पाखरे डुलताना माणसांनी पाहिली आणि त्यांना या रसाचा शोध लागला.

१८७१ मध्ये मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावर ग्रंथ प्रसिद्ध करणारा कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा इंग्रज अधिकारी या दारूविषयी लिहितो. चांगली गाळलेली आणि काही काळ मुरू दिलेली मोहाची दारू मुळीच तुच्छ नाही, तिची तुलना आयरिश व्हिस्कीशी करता येईल, असा त्याचा अभिप्राय आहे. फोर्सिथ हा अरण्यात हिंडलेला, पुष्कळ गोष्टी चाखलेला मनुष्य होता. त्याचे मत उगीच नव्हे. पण त्याच्याच सरकारने त्याच वेळी त्या मडक्याभोवती कायद्याचे कुंपण घालावयास प्रारंभ केला होता.

अबकारीचे तत्त्व मुळात वाईट नव्हते. मद्यावर कर बसवावा, म्हणजे ते महाग होईल आणि खप आटोक्यात राहील, असे सांगण्यात येई. व्यवहारात तिजोरीला या उत्पन्नाची चटक लागली. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला. १८९२ मध्ये तर ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांवरचा कायदा झाला आणि फूल बाळगणे हाच अपराध होऊन बसला. झाडावर आहे तोवर ते फूल. टोपलीत पडले की मुद्देमाल! मध्य प्रांतात १९१५ सालचा अबकारी कायदा आला. गावाचा किंवा टापूचा मक्ता लिलावाने द्यावयाचा आणि मक्तेदाराशिवाय कोणी गाळू नये, ही पद्धत त्याच्या आधीपासून चालत आली होती. या धंद्यात परंपरेने असलेल्या कलार समाजातील कित्येक जण आपले नाते त्रिपुरीच्या कलचुरी राजवंशाशी जोडतात. ती त्रिपुरी म्हणजे जबलपूरजवळचे तेवर. राजधानीचे अवशेष तेथे अजून दिसतात.

लिलावाचा परिणाम असा झाला की गोंडाने स्वतःच्या झाडाची, स्वतःच्या बायकोने वेचलेली फुले कवडीमोलाने विकावयाची आणि त्याच फुलांची दारू दुकानातून विकत घ्यावयाची. रोख पैसा त्याच्याजवळ नसे. मग उधारी, उधारीवर व्याज, आणि शेवटी शेत. ही माझी कल्पना नव्हे. अबकारी कायद्याच्या पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, आदिवासींच्या जमिनी सावकारांच्या घशात जाऊ नयेत म्हणून मध्य प्रांत सरकारला जमीन-हस्तांतराचा कायदा करावा लागला. एका हाताने दुकान मांडावयाचे आणि दुसऱ्या हाताने शेताला कुंपण घालावयाचे, असा हा प्रकार होता. बाटलीबंद पंच पिणाऱ्या अधिकाऱ्याला या कशाचीच झळ नव्हती. त्याच्या वाडग्याखाली शेकोटी होती. गोंडाच्या मडक्याखालची चूल विझविण्यासाठी शिपाई येत होता.

येथे आपल्या बाजूचाही विचार केला पाहिजे. दारूच्या सरकारी उत्पन्नाविरुद्ध महाराष्ट्रात मोठा लढा झाला. १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांपुढे जी निरोधने झाली त्यांच्या पाठीशी लोकमान्य टिळक होते. असहकाराच्या दिवसांत, १९२१ मध्ये, मध्य प्रांतातही दुकानांवर निरोधने झाली आणि लिलाव ओस पडावेत म्हणून खटपट झाली. जे सरकार दारू विकून पैसा करते, त्याने नीतीच्या गोष्टी बोलू नयेत, हा त्यातील मुद्दा बिनतोड होता. पण या लढ्यातील सुशिक्षित माणसाने दारूचे जे चित्र डोळ्यांपुढे ठेवले, ते गिरणीकामगाराच्या गुत्त्याचे. पितरांना वाहिलेले चार थेंब त्या चित्रात कोठेच नव्हते.

ही उणीव दाखवून देणाऱ्यांत एक मराठी माणूसही होता. गांधीजींच्या सहवासात राहिलेला व्हेरियर एल्विन हा इंग्रज १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यातील करंजिया गावी येऊन राहिला, तेव्हा त्याच्याबरोबर शामराव हिवाळे होते. एल्विनचे नाव जगभर झाले. हिवाळ्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. वस्तुतः त्यांनी जन्मभर त्या लोकांत काम केले, दवाखाने चालविले, आणि १९४६ मध्ये नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांवर एक उत्तम ग्रंथ लिहिला. घरच्या विधीसाठी घरी गाळलेली दारू ही आदिवासींची गरज असून अबकारीने त्यांचे जिणे मोडले, असे एल्विनचे म्हणणे होते. ठक्करबाप्पांसारखे निष्ठावान सेवक नेमके उलट मानीत. दारू सुटल्यावाचून या लोकांची सावकारातून सुटका नाही, असे ते सांगत. मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये एल्विनच्या एकूण भूमिकेवरच आघात केला: आदिवासींना निराळे ठेवण्याची भाषा त्यांना मान्य नव्हती.

माझ्या मते दोन्ही पक्ष निरनिराळ्या दारूविषयी बोलत होते. दुकानातली उधारीची दारू माणसाला बुडवीत होती, यात ठक्करबाप्पांचे खरे होते. घरची दारू वर्षातून ठरावीक वेळा निघे, सर्वांच्या देखत निघे, आणि गावाच्या चालीरीतींचा तिच्यावर पहारा असे, यात एल्विनचे खरे होते. मात्र त्या घरात पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार खाणारी बाईही होती, आणि तिच्या बाजूने पुस्तक लिहिणारे त्या काळी कोणी नव्हते. तिचा आवाज ऐकू आला तो पुष्कळ उशिरा, गावोगावच्या स्त्रियांनी दारूविरुद्ध उठाव केले तेव्हा.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने आदिवासींना आपल्यापुरती दारू गाळण्याची, ठरावीक मर्यादेपर्यंत, मोकळीक दिली. ख्रिस्ती गोलंदाजांना जी सवलत पेशवाईत होती, ती गोंडाला मिळावयास एवढा काळ लागला. १९९६ मध्ये संसदेने पेसा कायदा करून अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मद्याविषयी निर्णय करण्याचा अधिकार दिला. मध्य प्रदेशात त्याचे नियम लागू झाले ते १५ नोव्हेंबर २०२२ रोजी. २०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुले वेचण्यावरचे आणि त्यांच्या वाहतुकीवरचे निर्बंध उठविले. त्यानंतर मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला वारसा-मद्य असे नाव देऊन अलीराजपूर आणि दिंडोरी जिल्ह्यांतील आदिवासींच्या बचतगटांकडून ती तयार करून घेण्याची योजना आखली. मडक्यातली दारू आता काचेच्या बाटलीत, चिठ्ठी लावून, शहरातील दुकानात येऊ लागली आहे, आणि तिच्यात आले, लिंबू, मध घालून कढत पेले करावेत अशा सूचना हौशी लोक एकमेकांना देऊ लागले आहेत. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे पाचही त्यात आले.

१९१५ चा तो कायदा नाव बदलून आणि बऱ्याच दुरुस्त्या होऊन मध्य प्रदेशात अजून लागू आहे. जबलपुराहून मंडल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पौषातल्या आठवडी बाजारात वाळलेल्या मोहफुलांच्या राशी दिसतात. ती मागल्या चैत्रातली असतात, मनुकांसारखी तपकिरी झालेली, आणि विकणाऱ्या बायका ती पायलीने मापून देतात.